शेखुपुऱ्याचे पाणी

पाकिस्तानातील ख्रिस्ती लोकांची दैना हा विषय बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांस दूरचा वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही. पंजाबातील शेखुपुरा जिल्ह्यात २००९ साली शेतमजुरी करणाऱ्या बायांत भांडण जुंपले. कारण काय, तर आसिया बीबी या ख्रिस्ती बाईने आणलेले पाणी तिच्या स्पर्शाने बाटले! शब्दाने शब्द वाढला आणि तिच्यावर पैगंबरनिंदेचा आरोप आला. २०१० साली तिला फाशीची शिक्षा झाली. तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर २०११ च्या जानेवारीत स्वतःच्याच अंगरक्षकाच्या गोळ्यांना बळी पडले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तिला निर्दोष ठरविले, तरी पुढील वर्षी तिला देश सोडावा लागला.

जनरल झियांच्या राजवटीत १९८६ साली आलेले २९५-सी हे कलम घातक आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु ते पाणी बाटले कसे? ही कल्पना काही मक्केहून आलेली नाही. पंजाबातील बहुसंख्य ख्रिस्ती हे सफाईचे काम माथी मारलेल्या जातीतून आलेले. धर्म बदलला, पुढे देशही बदलला. झाडू मात्र सुटला नाही. सफाईच्या जागा केवळ बिगरमुसलमानांसाठी, अशा जाहिराती तेथे सरकारी खात्यांनीच दिलेल्या आहेत. याच पाकिस्तानात ख्रिस्ती कॉर्नेलियस १९६० ते १९६८ सरन्यायाधीश होते. मुंबईत जन्मलेले, मूळच्या गोव्याच्या घराण्यातील कराचीचे आर्चबिशप जोसेफ कोर्दैरो १९७३ साली कार्डिनल झाले. त्यांच्या हातचे पाणी कोणास बाटल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

महाडचे चवदार तळे १९२७ साली असेच 'बाटले' होते व पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आले होते. शेखुपुऱ्याची ती बाई आम्हांस म्हणूनच परकी वाटत नाही. आमच्या वऱ्हाडात खामगाव, मलकापूर, बुलढाणा येथे अलायन्स मिशनने काम केले. धर्मांतर केलेल्या पूर्वास्पृश्यांस १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले. शिखांस १९५६ साली व बौद्धांस १९९० साली त्या मिळाल्या, ख्रिस्त्यांस मिळाल्या नाहीत. ख्रिस्ती होताच जात गळून पडते, असे हा आदेश गृहीत धरतो. या प्रश्नाच्या विचारार्थ सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. त्या आयोगाच्या दप्तरात शेखुपुऱ्याच्या त्या भांड्याचीही नोंद असावी, असे आम्हांस वाटते.