फुकट विजेचं पाणी कुणाच्या शेतात?

राज्य सरकारने एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत केली. योजनेची मुदत मार्च 2029 पर्यंत, लाभार्थी सुमारे 44 लाख. पण ही मदत मिळते ती पंपवाल्याला. महाराष्ट्रातली साधारण चार-पंचमांश शेती कोरडवाहू आहे. ज्याच्याकडे विहीरच नाही त्याला यातला रुपयाही मिळत नाही. उलट ज्याच्या विहिरीला पाणी भरपूर, तो जितका उपसा करील तितकं सरकार त्याच्यासाठी जास्त भरणार.

हे पाणी जातं कुठे? लागवडीखालच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावरचा ऊस राज्यातलं सिंचनाचं जवळपास 70 टक्के पाणी पितो, असं केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच नोंदवलं आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच हंगामात मराठवाड्यातले साखर कारखाने गाळप करत होते. यावरून ऊस लावणाऱ्याला बोल लावणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. उसाचा किमान दर कायद्याने ठरतो आणि 14 दिवसांत पैसे देणं कारखान्यावर बंधनकारक असतं (किती कारखाने ते पाळतात, हे न विचारलेलं बरं). तुरीला हमीभाव जाहीर होतो खरा, पण खरेदी केंद्र उघडेपर्यंत गरजू शेतकऱ्याने माल व्यापाऱ्याला दिलेला असतो. कारखाना, जिल्हा बँक आणि आमदारकी एकाच घरात नांदते तिथे तुरीची बाजू मांडणार कोण?

उद्योगांच्या सवलती चालतात, मग शेतकऱ्याचंच वीजबिल का खुपतं, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मदतीचा एक पैसाही कमी करू नये. ती फक्त युनिटपासून सोडवावी. 1997 पासून मोफत वीज देऊन भूजल खोल घालवलेल्या पंजाबने 2018 मध्ये एक प्रयोग केला: पंपाला मीटर, विजेचा ठरावीक कोटा आणि वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे शेतकऱ्याला चार रुपये. सौरपंपांनी हा प्रश्न सुटेल, हे मला पटत नाही. दिवसा वीज मिळून रात्रीचं दारं धरणं थांबतं, हा मोठाच दिलासा. पण एकदा बसवलेल्या सौरपंपाला बिलच नसतं, त्यामुळे उपशावर उरलासुरला लगामही जातो. ती वीज महावितरणला विकता आली, तरच मोटर बंद ठेवणं शेतकऱ्याला परवडेल. 2029 ची मुदत संपण्याआधी सरकारने पंपांना मीटर बसवावेत, अनुदान कोरडवाहू शेतकऱ्यासह सगळ्यांच्या खात्यात थेट टाकावं आणि तुरीची खरेदी केंद्रं काढणीपूर्वी उघडावीत.