म्हणे, संस्थांच्या नादी लागू नका!

पाणी, आरोग्य, बचत गट, विषमुक्त शेती, कोणतंही नाव घेऊन गावात संस्था आली की काही मंडळींच्या कपाळाला आठी पडते. अशाच एका गृहस्थांचं भाषण परवा रोहिणखेडात ऐकलं. सांगणं थोडक्यात असं: संस्था म्हणजे फंडावर चालणारी दुकानं, फोटो काढले, अहवाल भरला, गाडी गेली. त्या काम करतात म्हणून सरकार सुस्तावतं. आणि मुख्य म्हणजे, पूर्वी गाव आपलं आपण बघत होतं, बाहेरच्यांची गरजच नव्हती. टाळ्या पडल्या. टाळीला कुठे घाम गाळावा लागतो?

फंडाचं आधी उरकतो. बाहेरचा पैसा विटाळ असेल तर आमदार निधीतल्या सभामंडपातही बसू नये.

सरकार सुस्तावतं म्हणता? जलयुक्त शिवार ही सरकारचीच योजना. सुमारे ९,६०० कोटी खर्चूनही भूजल पातळी वाढण्यावर तिचा फारसा परिणाम दिसला नाही, असं २०२० मध्ये कॅगनेच म्हटलं. उलट १९७० मध्ये आरोळे दांपत्याने जामखेडला काम सुरू केलं आणि पुढे अक्षरओळख नसलेल्या बायांना गावच्या आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, त्याची वाट या लोकांनी पाडली. सरकार सुस्तावलं नाही, शिकलं. उशिरा शिकलं, एवढंच.

पण माझा खरा राग तिसऱ्या मुद्द्यावर आहे. ‘पूर्वी गाव आपलं आपण बघत होतं.’ कधी हो? रोहिणखेडचंच घ्या. बालाघाटाच्या अगदी पायथ्याचं हे गाव. वरून उतरणारा आणि खालून चढणारा, दोघांच्याही वाटेत. १४३७ मध्ये खानदेशचा नासिर खान लेकीच्या छळाचा सूड उगवायला वऱ्हाडात शिरला आणि दौलताबादच्या खलफ हसनने त्याला इथेच गाठून पिटाळलं. १५९० च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहा आणि खानदेशचा राजा अली खान यांनी अहमदनगरचा सरदार जमाल खान याला इथेच गारद केलं. त्याच जमाल खानाच्या पक्षातल्या खुदावंद खानाने १५८२ मध्ये बांधलेली देखणी मशीद हे आज गावाचं भूषण. ज्या वैभवाकडे बोट दाखवून गृहस्थ ‘पूर्वी’ म्हणतात, तेही बाहेरच्यांनीच बांधलेलं. गावाने आपलं आपण काय बघितलं असेल, तर तुडवलेली पिकं.

बरं, लढाया सोडा. गावगाड्यातली विहीर घ्या. तिच्यावर कोणी पोहरा टाकायचा आणि कोणी ओंजळ पसरून उभं राहायचं, हे ठरलेलं होतं. १९२७ मध्ये बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जावं लागलं, ते गाव आपलं आपण बघत होतं म्हणूनच. चार घरं बघत होती, बाकीची बघत राहत होती. आणि ७२ च्या दुष्काळात हीच स्वयंपूर्ण गावं खडी फोडायला सरकारी कामांवर गेली नव्हती काय? रोजगार हमीचा कायदा त्यातूनच आला, तोही गावाच्या पारावर झालेला नव्हे.

हा वाद काही नवा नाही. हागणदारीमुक्तीच्या वेळी हेच ऐकलं होतं: पूर्वी कुठे संडास होते? नव्हते. बाया अंधार पडायची वाट बघायच्या. पण हे बोलणाऱ्यांना कधी तशी वाट बघावी लागली नाही, म्हणून त्यांना पूर्वीचं सगळं गोड लागतं.

खंडन झालं, आता मंडन. आमच्याच मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने २०१८ च्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. स्पर्धा ४५ दिवसांची, ऐन एप्रिल-मे महिन्यांतली. त्या उन्हात टेकडीवर टिकाव चालवला तो गावाने, संस्थेने शिकवलं. काय शिकवलं? ए-फ्रेम. दोन काठ्या वर बांधायच्या, मध्ये आडवी पट्टी, शेंड्याला दोरी आणि दोरीला दगड. दोरी पट्टीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्की टाकायची, एक पाय तिथेच ठेवून दुसरा फिरवायचा, पुन्हा फक्की. अशी रेघ टेकडीभर गेली की तिच्यावर चर खोदायचा. मग पाणी धावत नाही, मुरतं. हे ना शाळेत शिकवलं गेलं, ना पंचायत समितीत. कोणी बाहेरून येऊन शिकवलं तर त्यात कमीपणा कसला?

संस्था सगळ्याच साजूक नसतात, पाटी लावून पसार होणाऱ्याही असतात. म्हणून संस्थेसोबत काम करायचं ते डोळे उघडे ठेवून. यंत्राच्या डिझेलचा लिटर न् लिटर वहीत आणि वही ग्रामसभेत वाचायची. चर दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो, तो कोणी उपसायचा हे संस्था गावात असतानाच ठरवायचं. आणि एक अवघड प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारायचा: वाढलेलं पाणी विहीरवाल्याच्या मक्याला जाणार, मग टिकाव चालवणाऱ्या भूमिहीनाला काय? वाढीव मजुरी, गायरानातला चारा, मासेमारीचा हक्क, काहीतरी आधी ठरलं पाहिजे. सामाजिक न्यायाचं नाव घेणाऱ्या कितीतरी संस्थाही इथे चाचरतात, तेव्हा त्यांना धरायचं ते इथे धरायचं.

गृहस्थांच्या भाषणात हा प्रश्न आला नाही. त्यांची विहीर ओढ्याकाठी आहे म्हणून, असं मी म्हणत नाही.