ठसा पाहून वाघ

बोर अभयारण्याच्या कडेच्या गावांत वाघ क्वचित दिसतो. दिसतात ते ओढ्याच्या ओल्या मातीतले ठसे. ‘वाघ दिसला नाही, म्हणजे आलाच नाही’ असं तिथला गुराखी कधी म्हणणार नाही. मे 2020 च्या सुरुवातीला हा वर्धा जिल्हा एकही रुग्ण न नोंदल्यामुळे ग्रीन झोनमध्ये होता, तेव्हा आपण मात्र कोरोनाबद्दल नेमकं हेच म्हणत होतो. त्याच महिन्यात जिल्ह्यातला पहिला रुग्ण आर्वी तालुक्यात सापडला.

रक्तातल्या अँटीबॉडी म्हणजे होऊन गेलेल्या लागणीचे ठसेच. त्यांच्या तपासणीत आजची लागण सापडत नाही, हा नेहमीचा आक्षेप. खराच आहे. अँटीबॉडी मोजण्याइतक्या वाढायला साधारण दोन आठवडे लागतात. घशातला विषाणू शोधायचा तर आरटीपीसीआरच हवी. पण ठशाने वाघ धरता येत नाही म्हणून ठसे बघणंच सोडायचं का? ज्याला साधा खोकलाही नाही, तो स्वॅब द्यायला जाणार कशाला? त्याची लागण नोंदली जाते ती फक्त त्याच्या रक्तात. आयसीएमआरच्या मे-जून 2020 च्या देशव्यापी सर्वेक्षणात अवघ्या 0.73 टक्के प्रौढांना लागण होऊन गेलेली आढळली. आकडा किरकोळ वाटतो. हिशेब मात्र असा निघाला की एका नोंदलेल्या रुग्णामागे 82 ते 130 लागणी होत्या.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. समजा हजारात दहांनाच लागण झाली आणि तपासणीचं किट शंभर निरोगी माणसांत तिघांना चुकून पॉझिटिव्ह ठरवतं. मग दहा खऱ्यांमागे तीस खोटे! वाघ विरळ असला की बिबट्याचा ठसाही वाघाचाच वाटतो. म्हणूनच ‘माझ्यात अँटीबॉडी आहेत, मला मास्क नको’ म्हणत लॅबचा कागद नाचवणाऱ्यांशी माझं भांडण आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा मोठं आहे. एका माणसापुरता तो कागद कच्चाच. अख्ख्या तालुक्याच्या हिशेबात मात्र किटची चूक आधीच ठाऊक असते, ती वजा करता येते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने 2020 मध्ये जिल्ह्यात असंच अँटीबॉडी सर्वेक्षण केलं ते कुणाला दाखले वाटायला नव्हे.

आणि या कामाला मुदत होती. लस आली की विषाणूच्या काट्यांविरुद्धच्या अँटीबॉडी लशीनेही तयार होतात. त्याच्या गाभ्यातल्या प्रथिनाविरुद्धच्या शोधाव्यात, तर कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा मारलेला विषाणू, त्यामुळे त्याही येऊ शकतात. ‘लस आल्यावर बघू’ म्हणणारे ओढ्यावर पोचेपर्यंत चिखल सगळा तुडवून झाला होता.