ओरडणं म्हणजे चिडणं नव्हे

परवा ऑफिसात असताना पप्पांचा फोन आला. शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राने नंतर हळूच विचारलं, "काय रे, घरी भांडण झालंय का?" भांडण कसलं डोंबलाचं! शनिवारी येणार आहेस का, एवढंच विचारत होते. आमचं कबनूर इचलकरंजीला खेटून. पप्पांनी आयुष्यभर माग चालवले. त्या खडखडाटात बाजूच्या माणसाला साधं 'पाणी दे' म्हणायचं तरी घसा ताणायला लागतो. तोच आवाज घरीही राहिला, आणि आता ऐकूही कमी येतं. मी मात्र हल्ली त्यांचा फोन आला की पॅन्ट्रीत पळतो. खोटं कशाला बोलू?

असो. आज लिहायचंय ते एका अल्बमबद्दल. कॉलेजात रूममेटने मुंबईच्या 'स्क्राइब' बँडचा 'मार्क ऑफ तेजा' (2010) ऐकवला होता. 'अंदाज अपना अपना'मधल्या तेजाच्या नावाने घसा फोडणारी आपली पोरं ऐकून आधी जाम हसलो, मग नादालाच लागलो. हे ओरडणं आलं कुठून म्हणून मागे मागे जाताना सापडला अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या 'राइट्स ऑफ स्प्रिंग'चा, बँडच्याच नावाचा पहिला अल्बम. साल 1985.

चार पोरं. गाणारा गी पिचियॉटो तेव्हा 19 वर्षांचा. रेकॉर्डिंग झालं आर्लिंग्टनला, इनर इअर स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे डॉन झिएंटारा या माणसाच्या घराचं तळघर! निर्माता इयान मकाय, आणि त्याच्याच 'डिसकॉर्ड' या घरगुती कंपनीने तो काढला. 1986 उजाडलं आणि बँड संपला. पुढे पिचियॉटो आणि ड्रमर ब्रेंडन कँटी मकायबरोबर 'फुगाझी'त गाजले, पण हा अल्बम आपल्याकडे कुणाला फारसा माहीत नाही.

हार्डकोर पंकवाले तोवर ओरडायचे ते दुसऱ्यावर. सरकारवर, पोलिसांवर, मोठ्या माणसांवर. हा पोरगा ओरडतो ते स्वतःचं काय हातातून निसटलं, काय सांगायचं राहून गेलं त्यावर. याला लोक पुढे 'इमो' म्हणायला लागले. पिचियॉटोला ते लेबल कधीच पटलं नाही. मलाही नाही पटत. हार्डकोरवाल्यांमध्ये काय भावना नव्हत्या?

मित्र म्हणतात, शब्द कळत नाहीत तर ऐकतोस काय? अरे, माग चालू असताना कारखान्यात शब्द कुणाला ऐकू येतात? तोंडाकडे बघून, हातवाऱ्यांवरून कळतं. इथेही गिटारच्या गोंगाटात त्याचा आवाज मध्येच फाटतो, बुडतो, पुन्हा वर येतो. तो चिडलेला नाही, त्याला आपल्यापर्यंत पोहोचायचंय. हे कळायला मला दहा-बारा वेळा तरी ऐकावं लागलं. सगळंच भारी आहे असंही नाही हां. बारा गाणी सलग लावली की मधली तीन-चार एकमेकांत मिसळतात. पण 'ड्रिंक डीप' रात्री एकट्याने ऐकून बघा. बाकीच्या बहुतेक गाण्यांपेक्षा ते लांबलचक आहे, आणि त्यात घाई नाही.

गेल्या रविवारी कबनूरला हेच ऐकत बसलो होतो. आई म्हणाली, "बापासारखा बहिरा हो आता." पप्पांनी हात पुढे केला, म्हणून हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि आवाज पूर्ण वाढवला. इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नाही. दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं, म्हणाले, "पोरगं लई दमलंय रं."

मग हेडफोन परत दिला आणि टीव्ही मोठा केला. बातम्यांची वेळ झाली होती.