जंतांचे औषध आणि क्षयाची परीक्षा

आपल्या मानपुरात एखादी गाय खंगू लागली, की जंत झाले असावेत असे समजून तिला औषध पाजतात. तिच्या अंगावर पुन्हा मांस चढले म्हणजे धनी निर्धास्त होतो. ही निर्धास्ती कधी कधी घातक ठरते, असे माझे मत आहे.

जनावराच्या देहात एका वेळी एकच रोग नांदतो, असा काही नियम नाही. पोटात जंत आणि फुप्फुसात क्षय, असे दोन्ही शत्रू एकत्र राहू शकतात. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर अरण्यातल्या रानम्हशींवर एझेन्वा व जोल्स या दोन विदुषींनी प्रयोग केला व २०१५ साली तो प्रसिद्ध केला. जंतांचे औषध दिलेल्या म्हशींना क्षयाची लागण इतर म्हशींइतकीच झाली. मात्र क्षयाने ग्रासलेल्या म्हशींतील मृत्यूचे प्रमाण औषधामुळे सुमारे नऊ पटींनी घटले. वाचलेल्या रोगी म्हशी कळपात अधिक काळ वावरणार, म्हणून रोगाचा फैलाव आठपट वाढेल असे गणित निघाले. गोठा म्हणजे अरण्य नव्हे, हे खरे. पण एकाच गव्हाणीवर तोंडाशी तोंड लावून उभी असलेली गुरे पाहिली म्हणजे हे गणित विसरवत नाही.

दुसरी अडचण परीक्षेची. क्षय ओळखण्यासाठी कातडीत ट्यूबरक्युलिन टोचतात व तीन दिवसांनी सूज मोजतात. डबक्यातील गोगलगायींमुळे फैलावणारे यकृतातील चपटे कृमी गुरात असले, तर ही सूज कमी येते. इंग्लंड-वेल्समध्ये अशा रीतीने एकतृतीयांश रोगी गुरे नजरेतून निसटत असावीत, असा अंदाज २०१२ साली मांडला गेला. म्हणून एका परीक्षेवर विसंबू नये. ती पुन्हा करावी.

दूध उकळण्याच्या आपल्या चालीने माणसांचे पुष्कळ रक्षण होते. गोठ्यातला श्वास मात्र उकळता येत नाही! रोगी जनावर मारण्याची विलायती रीत गोवधबंदीच्या या प्रदेशात चालणार नाही. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांची एकोणिसाव्या शतकाअखेरची रीत आपणास अधिक मानवेल. रोगी गुरे निराळी बांधावयाची आणि वासरांना जन्मतःच दूर करून तापविलेले दूध पाजावयाचे, अशी ती रीत.

महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आपल्या शेजारी आहे. जंतांचे औषध मागणाऱ्याने तेथे क्षयाच्या परीक्षेचीही चौकशी करावी. ज्याचा गोठा एकच, त्याने रोगी गाय कोठे बांधावी? तिच्यासाठी गावाबाहेर एक छप्पर उभारणे हे नगर परिषदेचे काम आहे.