ट्रंपेटवाल्याचे पैसे कोण देणार?

मागच्या वीकांताला पेणजवळच्या एका गावात हळदीला गेलो होतो. दिव्याहून रोहा गाडी पकडली, हमरापूर गेल्यावर पाठपिशवी खांद्याला लावली आणि पेणला उतरलो. गाडीत सगळा वेळ कानात लेस दॅन जेक हा अमेरिकन स्का पंक बँड वाजत होता. रात्री मांडवात कानात जे शिरलं ते डीजेचं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं, पण मांडवाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्या अडवून बसलेल्या जाणकारांनी तो जोडून दिला.

जाणकार म्हणजे चार-पाच काका. विषय, हल्लीची आगरी-कोळी गाणी. एक काका म्हणाले, "तवाची गानी म्हंजे गानी होती. आताचा निस्ता धांगडधिंगा हाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग कोणीतरी 'मी डोलकर'चं नाव घेतलं आणि सगळे शोकसभेत असल्यासारखे दोन मिनिटं गप्प बसले. (डीजे अर्थातच गप्प नव्हता.)

हे वाक्य मला तोंडपाठ आहे हो! फक्त मी ते इंग्रजीत आणि अमेरिकन हेलात ऐकत आलोय. कुठल्याही स्का पंक बँडचा नवा अल्बम आला की चाहते हेच म्हणतात. पहिले दोन भारी होते, आता हॉर्न कमी झाले, हे खरं स्का नाहीच. आणि मंडळी, अस्मादिकही त्यात होते, हे आधीच कबूल करून टाकतो.

ज्यांना स्का म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक-दोन-तीन-चार मोजा आणि आकड्यांवर टाळी न देता दोन आकड्यांच्या मधल्या फटीत द्या. त्या फटीत गिटारचा फटकारा बसतो, वरून ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन ही फुंकायची मंडळी येतात (यांनाच मिळून हॉर्न म्हणतात), आणि पाय आपोआप हलायला लागतात. हे जमैकात १९५०च्या दशकाच्या शेवटी जन्मलं. १९६४ साली जमलेल्या स्कॅटलाइट्स या बँडमधले बरेचसे वादक किंग्स्टनच्या अल्फा बॉईज स्कूल नावाच्या शाळेतून आलेले. गरीब घरची पोरं, शिकवणाऱ्या कॅथलिक नन्स, आणि शाळेचा ब्रास बँड. पुढे १९७९च्या सुमाराला इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या स्पेशल्स वगैरेंनी ते उचललं, आणि मग अमेरिकन पोरांनी त्यात पंकचा वेग आणि आरडाओरडा घालून स्का पंक केलं. ऑपरेशन आयव्हीचा 'एनर्जी' १९८९चा, आणि १९९६-९७च्या आसपास तर हे प्रकरण अमेरिकेत घराघरात पोचलं होतं.

पाद्री-नन्सनी शिकवलेलं वाद्य आणि गरिबाघरची पोरं म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला लगेच गोवा आठवायला हवा. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले वादक मुंबईला आले, हॉटेलांत जॅझ वाजवायला लागले आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसले. त्यातला चिक चॉकलेट हा ट्रंपेटवाला आणि आपला पुणतांब्याचा सी. रामचंद्र यांनी १९५१च्या 'अलबेला'त जो धुमाकूळ घातला, त्यावर भगवानदादा नाचले आणि आपल्या गणपतीच्या मिरवणुका आजतागायत नाचताहेत. चिक आणि त्याचा बँड त्या सिनेमात पडद्यावरही दिसतो. जमैकन पोरं अमेरिकन रेडिओ ऐकून स्का करायच्या आधीच रामचंद्र अमेरिकन स्विंग ऐकून मराठी माणसाला नाचवत होते. म्हणजे नात्याने स्का आपला मावसभाऊच लागतो :-)

असो. मुद्दा चाहत्यांच्या मतांचा.

२००६ साली लेस दॅन जेकचा 'इन विथ द आउट क्राउड' आला. मोठी कंपनी, चकाचक ध्वनिमुद्रण, हॉर्न जवळपास गायब, सगळा मामला पॉपकडे झुकलेला. चाहते खवळले. मी तेव्हा हापिसात शेजारी बसणाऱ्या मित्राला जेवणाच्या सुट्टीत तासभर ऐकवलं होतं, की हे लोक विकले गेले. दोन वर्षांनी, २००८ला, त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढून 'जीएनव्ही एफएलए' केला. गावाचं नाव शीर्षकात (जीएनव्ही हा फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलच्या विमानतळाचा कोड), हॉर्न परत, वेग परत. चाहत्यांनी मागितलं होतं ते सगळं. मी काय केलं? दोनदा ऐकला आणि परत १९९६चा 'लूझिंग स्ट्रीक' लावला. मला जुना बाज नकोच होता, मला माझं होस्टेल हवं होतं. ते कुठला बँड आणून देणार?

याहून गमतीदार किस्सा 'कीझ्बी नाइट्स'चा. कॅच ट्वेंटीटू या बँडचा हा १९९८चा अल्बम. ज्याने ती गाणी लिहिली तो टॉमस कॅल्नोकी नंतर बाहेर पडला, त्याने स्ट्रीटलाइट मॅनिफेस्टो काढला आणि २००६ साली तोच अख्खा अल्बम नव्या बँडबरोबर पुन्हा ध्वनिमुद्रित केला. गाणी तीच, लिहिणारा तोच, गळा तोच, वाजवणारे जास्त तयारीचे. तरी वाद झालाच, की खरा कुठला? माझ्या ओळखीतले दोघे अजून यावर एकमेकांशी भांडतात. दोघांचीही लग्नं होऊन पोरं शाळेत जायला लागली. ज्याने गाणं रचलं त्यालाही 'मूळ' गाणं पुन्हा आणता येत नसेल, तर 'मूळ' हा शब्द आपण कशाला वापरतोय याचा विचार नको का करायला?

आता पुन्हा मांडवात या. काकांच्या लेखी 'मूळ' काय, तर 'मी डोलकर'. गाणं अप्रतिम आहे, वादच नाही. पण ते लिहिलं शांता शेळक्यांनी, त्या मूळच्या इंदापूरच्या. चाल हृदयनाथांची. गायले लता आणि हेमंतकुमार, म्हणजे एक मंगेशकर आणि एक बंगाली. या चौघांत कोळी एकही नाही. सगळं स्टुडिओत, उत्तम वादक घेऊन केलेलं. ते त्या काळचं नवं गाणं होतं इतकंच. त्यात चूक काहीच नाही, पण मग कीबोर्डवर गाणं करणाऱ्या आजच्या आगरी पोराला 'हे खरं कोळीगीत नाही' म्हणायचा अधिकार त्या रेकॉर्डच्या नावाने कसा मिळतो? निदान तो पोरगा खाडीच्या पाण्यात पाय घालून वाढलाय!

तीच गत बेंजोची. गावात बेंजो पार्टी असली की लोक म्हणतात, आपली परंपरा. बघा हं, ज्याला आपण बेंजो म्हणतो ते बुलबुलतरंग, त्याचा मूळ अवतार जपानी आहे. ताइशोगोतो नावाचं, १९१२च्या सुमाराला नागोयात तयार झालेलं, टाइपरायटरसारख्या कळांचं वाद्य. ते फिरत फिरत हिंदुस्थानात आलं, त्याला पिकअप लागला, शेजारी ताशा, ढोल आणि पॅड आले, आणि ते पेण-रोह्याचं झालं. जपानी तंतुवाद्य शंभर वर्षांत परंपरा होत असेल तर ऑक्टोपॅडलाही थोडा अवधी द्यायला हरकत नाही.

आणि खरंच जुनं हवं असेल, तर ते त्या रात्री वीस पावलांवर होतं. आत घरात. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण येते, धवले गाते, लग्नातले विधी तिच्या गाण्यावर चालतात. माइक नाही, वाद्य नाही, फक्त तोंडपाठ असलेलं गाणं आणि मागून ओढणाऱ्या दोघी-तिघी. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा एक म्हातारी गात होती. मला अर्धे शब्दसुद्धा कळले नाहीत, कारण बाहेरच्या बेसने खिडकीची तावदानं थरथरत होती. जुन्या गाण्यांसाठी हळहळणाऱ्या काकांपैकी एकही जण उठून आत आला नाही. डीजेला पाच मिनिटं थांब म्हणायलाही कोणी गेलं नाही. (मी गेलो का? नाही. पाणी प्यालो आणि परत येऊन खुर्चीवर बसलो.)

इथे माझं डोकं सटकलं. कारण ज्या काकांनी धांगडधिंग्याचा विषय काढला, त्यांच्याच मुलीच्या लग्नात दोन वर्षांपूर्वी मी जेवलो होतो आणि तिथेही डीजेच होता. मी विचारलं, "काका, तेव्हा ब्रास का नाही सांगितलात?" तर म्हणाले, "आरं, तेंची मान्सं किती, तेंना जेवान, गारी, परवरतं का?"

नाही ना परवडत? मग तेच सांगा की. 'गाणी बिघडली' कशाला म्हणता?

स्का पंकचंही अगदी हेच आहे. साध्या पंक बँडला तीन-चार माणसं पुरतात. हॉर्न हवे म्हटलं की दोन-तीन डोकी वाढली. एका गाडीत मावायचं, तेवढ्याच तिकिटांचे पैसे आणखी वाटून घ्यायचे, आणखी बिछाने, आणखी जेवणं. हॉर्न गेले की चाहत्याला त्यात कलेचा ऱ्हास दिसतो, पण गाडी चालवणाऱ्याला आधी डिझेल दिसतं. 'आम्हाला हॉर्न हवेत' म्हणणाऱ्या किती जणांनी कधी तिकीट काढलं? मी काढलेलं नाही. माझ्याकडे पहिले तीन अल्बम मित्राने जाळून दिलेल्या सीडीवर होते. आणि मी त्या लोकांना विकले गेलेले म्हणत होतो!

ब्रास बँडमध्ये तर पंधरा-वीस माणसं. डीजेला एक टेंपो, एक लॅपटॉप आणि दोन पोरं. माझ्या ओळखीचा एक ट्रंपेटवाला रोह्याचा आहे, वडिलांकडून शिकलेला. लग्नसराईत चार-सहा सुपाऱ्या मिळाल्या तर मिळाल्या, एरवी धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी पाळी करतो. रसायनाच्या वाफेत आठ तास काढून संध्याकाळी फुंकायचं म्हणजे काय, हे त्याच्या छातीला विचारा. त्याला कोणी 'पूर्वीसारखं वाजवत नाहीस' म्हटलं तर तो नुसता हसतो. त्याचं पोरगं ट्रंपेट शिकत नाही, ते पॅड वाजवतं. पॅडवाल्याला डीजेबरोबरही काम मिळतं. बिघडलं ते हे असं बिघडलं.

पेणला याचा दुसरा नमुना रोज दिसतो. गणपतीच्या कारखान्यात येणारं गिऱ्हाईक आधी विचारतं, शाडूची आहे ना? पूर्वीसारखी? मग मूर्ती उचलून बघतं, वजन लागतं, किंमत ऐकतं, आणि हळूच शेजारच्या पीओपीच्या रांगेकडे सरकतं. शाडूला वाळायला दिवस लागतात, पावसाळी हवेत तर विचारूच नका, शिवाय हाताळताना तडकते. ते सगळं कारागिराने सोसायचं. आपण फक्त 'पूर्वीसारखी' एवढा शब्द खर्च करायचा.

नवीन सगळं छान, असं मी म्हणत नाहीये. ऑटोट्यूनने सगळे गळे एकाच डब्यातून आल्यासारखे लागतात. एकच कीबोर्डचा ठेका दहा गाण्यांत फिरतो. शब्दांत सोनं, गाडी आणि पाटलाचा रुबाब यापलीकडे फारसं काही नसतं. यावर बोला ना! अमुक गाण्यात दुसरं कडवं पहिल्याचीच नक्कल आहे, तमुक गाण्यात ताशा मशीनचा आहे म्हणून तो ढकलत नाही, असं बोला. ते ऐकून गाणं करणारा पोरगा निदान भांडेल तरी, कदाचित पुढच्या वेळी खरा ताशावाला बोलावेल. 'तवाची गानी' ऐकून तो काय करणार? तवा तो जन्मलाही नव्हता.

मेमध्ये रोह्याला माझ्या मामेभावाचं लग्न आहे. डीजे ठरलाय, आगाऊ पैसे दिलेत. परत आल्यावर मी मामाला फोन केला, की हळदीला डीजे राहू दे, पण वरातीला ब्रास सांगू, वरचा फरक मी देतो, आणि आदल्या रात्री धवलारीण गात असेल तेवढा वेळ बाहेरचं बंद ठेवू. मामा म्हणाला, फरकाचं ठीक आहे, पण बंद ठेवायचं पोरांना कोण सांगणार? मी म्हटलं मी सांगतो. मामा बराच वेळ हसला. मग म्हणाला, मामीला विचारतो. चार दिवस झाले, अजून फोन आलेला नाही. ट्रंपेटवाल्याने मात्र तारीख लिहून ठेवलीये.