सांडपाणी काय सांगतं?

ताथवड्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "आमच्या सोसायटीच्या सभेत एकानं सुचवलं, आपलं सांडपाणी तपासून साथीचे विषाणू आहेत का ते बघू या. सगळे हसले. एकीनं तर नाकाला पदर लावला. असं खरंच करतात का? आणि त्यातून काय कळणार?"

करतात हो! थोडा विचार करा. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या, तर आपण साखर-मिठाचं पाणी देतो, पेज देतो. स्वतःला झालं तर तेवढंही नाही, सरळ अंगावर काढतो. दवाखान्याच्या वहीत आपलं नाव लागतच नाही. शंभर घरांत असं झालं, तरी वहीत पाचसातच रुग्ण दिसतात. पण पोटाच्या विकारांचे कितीतरी विषाणू शौचावाटे बाहेर पडतात, कोविडचाही पडतो. दुखणं लपवलं तरी सांडपाण्यात त्याची खूण उतरतेच.

मुंबईत २००१ पासून पोलिओसाठी सांडपाण्याची अशी तपासणी होत आली. परळच्या एंटेरोव्हायरस संशोधन केंद्रात हे काम चाले. पोलिओचा संसर्ग झालेल्या साधारण दोनशेंपैकी एकालाच लुळेपणा येतो. बाकीची मुलं हसतखेळत असतात आणि विषाणू पसरवत असतात. ती दवाखान्यात कशी सापडणार? सांडपाण्यात सापडत. २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त ठरला, त्यामागे डोस पाजणाऱ्या हातांबरोबर या तपासणीचाही वाटा होता. पुढं कोविडच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी शहरातल्या मैलाशुद्धीकरण केंद्रांचे नमुने तपासले. रुग्णालयातले आकडे चढण्याआधी काही दिवस सांडपाणी सूचना देऊ शकतं, हा त्याचा मोठा फायदा.

आता तपासतात कसं? शुद्ध होऊन बाहेर पडणारं पाणी नव्हे, तर आत येणारं कच्चं सांडपाणी घेतात. शक्य तर दिवसभरात थोडं थोडं घेऊन एकत्र करतात, कारण सकाळचं आणि दुपारचं पाणी सारखं नसतं. बाटली बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात. तिथं केरकचरा गाळून काढतात. पण विषाणू असतात अगदी विरळ, म्हणून ते एकवटावे लागतात. दुधात लिंबू पिळलं की चोथा वेगळा होतो ना? तसंच काहीसं. पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन आणि मीठ घालून, वेगानं गरगर फिरवणाऱ्या यंत्रात ठेवलं की विषाणू तळाशी बसतात. त्यांतला आनुवंशिक द्रव्याचा धागा सोडवून घेतात आणि कोविडमुळे आपल्याला पाठ झालेली आरटीपीसीआर चाचणी करतात. तिच्या प्रत्येक फेरीत धाग्याच्या प्रती साधारण दुप्पट होतात. कमी फेऱ्यांत खूण दिसली, तर विषाणू जास्त.

यातली एक गंमत सांगते. पाणी किती पातळ झालं आहे, हे ओळखायला शास्त्रज्ञ बऱ्याचदा मिरचीच्या रोपावरचा एक विषाणू मोजतात. तो मिरचीबरोबर आपल्या पोटात जातो आणि काही अपाय न करता बाहेर पडतो. म्हणजे आपला ठेचासुद्धा प्रयोगशाळेत कामी येतो!

मात्र या तपासणीला मर्यादा आहेत. धागा सापडला म्हणजे विषाणू जिवंतच आहे असं नाही, आणि सापडला नाही म्हणजे आजार नाहीच, असंही नाही. पावसाचं पाणी मिसळलं की हिशेब चुकतो. एकाच सोसायटीचा नमुना असेल, तर चार पाहुणे आले तरी चित्र बदलतं. म्हणून एकदाच तपासून भागत नाही, दर आठवड्याला पाहावं लागतं. शिवाय ते काम प्रयोगशाळेचं, हौशीनं झाकण उघडण्याचं नव्हे. आणि काही सापडलंच, तर "कुठल्या मजल्यावरचं?" ही चौकशी नको. सांडपाणी वस्तीचं सांगतं, घराचं नाही. असल्या चौकशीनं लोक आजार आणखी लपवतात.

तेव्हा, भगिनींनो, आपल्या हातातलं आपण करू या.

• शुद्ध केलेलं सांडपाणी फ्लशला आणि बागेला वापरत असतील, तर तो नळ पिण्याच्या नळाला कुठं जोडला गेलेला नाही ना, हे सोसायटीकडून तपासून घ्या. नळाच्या पाण्याला वास आला, तर वाट पाहू नका.

• पाण्याची शंका आली, की खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. वरची टाकी वेळच्या वेळी धुऊन घ्या.

• नोरोव्हायरससारख्या जुलाब-उलट्यांच्या विषाणूंवर हाताला चोळायचं सॅनिटायझर पुरेसं पडत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं.

• मुलांचे पोलिओचे डोस चुकवू नका.

आणि शेवटचं, जे आपल्याला सगळ्यात जड जातं. जुलाब-उलट्या थांबल्यावरही पूर्ण दोन दिवस इतरांसाठी स्वयंपाक करू नये, कारण बरं वाटलं तरी विषाणू बाहेर पडतच असतो. म्हणजे ही विश्रांती केवळ आपले लाड नव्हेत, घरच्यांची काळजीच आहे. घरात हे मोकळेपणानं सांगा. दोन दिवस वरणभाताचा कुकर दुसऱ्या कुणी लावला, तर काही बिघडत नाही!